बाळाच्या जांघेतली गाठ: बांधण्यापासून शिवण्यापर्यंत

आज आपण एका गाठीचा इतिहास ऐकूया.

ही गाठ पहिल्यांदा दिसते ती आईला, नाहीतर आजीला. बाळाला अंघोळ घालताना किंवा लंगोट बदलताना. बाळ जोरात रडलं, कुंथलं की जांघेत सुपारीएवढा, कधी लिंबाएवढा फुगवटा येतो. बाळ शांत झोपलं की तो नाहीसा होतो. दवाखान्यात नेलं तर नेमकं तेव्हा तिथे काहीच दिसत नाही. मग घरातलं कुणी म्हणतं, "फार रडवलंस म्हणून झालं." बेंबी वर आली असेल तर सुईणीला बोल लागतो, "नाळ नीट कापली नाही." कुणी रुपयाचं नाणं ठेवून पोट बांधायला सांगतं. कुणी म्हणतं, "मोठं झालं की आपोआप जाईल."

जुन्या मराठीत याला अंतर्गळ म्हणत. आता आपण सगळ्या हर्निया म्हणतो. माणसाला ही गाठ साडेतीन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. ती बाळांना का होते, हे कळून मात्र जेमतेम अडीचशे वर्षं झाली. मधल्या सगळ्या काळात माणसांनी ती बांधली, डागली, कापली आणि लपवली. आज घराघरांत जे उपाय सांगितले जातात, त्यातले बरेचसे त्या न कळण्याच्या काळातले आहेत. म्हणून हा इतिहास जाणून घ्यायचा.

गाठ दिसत होती, कारण कळत नव्हतं

इजिप्त देशात इसवी सनापूर्वी सुमारे १५५० सालची एक वैद्यकाची गुंडाळी सापडली आहे. एबर्स पपायरस असं तिचं नाव. खोकलं की पोटावर वर येणारी सूज त्यात लिहून ठेवली आहे. म्हणजे जोर लावला की गाठ येते, हे निरीक्षण इतकं जुनं आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वृद्धी नावाच्या रोगाचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यात एक आहे आंत्रवृद्धी, म्हणजे आतडं खाली उतरून आलेली सूज. दाबली की ती वर जाते आणि सोडली की पुन्हा फुगते, असं वर्णन तिथे आहे. आपल्या आज्या जे बघत आल्या, तेच. कारण मात्र सांगितलं आहे ते जड ओझी उचलणं, बलवानाशी झुंजणं, झाडावरून पडणं असं, म्हणजे मोठ्या माणसांचं. उपाय काय? गाठ जांघेपर्यंतच असेल तर अर्धचंद्राच्या आकाराच्या तापलेल्या सळईने तिथे डाग द्यायचा. कानाजवळची, उलट्या बाजूची शीर टोचावी, असंही सांगितलं आहे. गाठ अंडाच्या पिशवीत उतरली असेल तर ती बरी न होणारी समजायची. त्या काळातल्या वैद्यांच्या हातात जेवढं होतं, तेवढं त्यांनी केलं. आपल्या हातात आज त्याहून जास्त आहे. तरीही मेळघाटासारख्या भागातून बाळाचं पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याने चटके दिल्याच्या बातम्या अजून येतात. चटक्याने पोटातलं काहीही बरं होत नाही. कोवळ्या कातडीला जखम होते, त्यात जंतू शिरतात आणि दवाखान्यात न्यायचा वेळ वाया जातो.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या लेखकाने वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. लहान मुलाला आतडं उतरण्याचा त्रास असेल तर सुरी लावण्याआधी पट्टी बांधून पाहावी, असं त्यात आहे. हा सल्ला पुढे जवळजवळ अठराशे वर्षं टिकला. त्याला कारणही होतं. सुरी फार भयंकर होती. युरोपात गावोगाव फिरून हर्निया कापणारे लोक असत. ते गाठीबरोबर मुलाचं अंडसुद्धा काढून टाकत. १६व्या शतकात फ्रान्समधले प्रसिद्ध सर्जन आंब्रुआज पारे यांनी याला कडाडून विरोध केला. अंड काढू नका, पट्टा वापरा, असं ते सांगत.

पट्टे मग नाना तऱ्हेचे निघाले. कातड्याचे, लोखंडी पट्टीचे, गादी लावलेले. इंग्लंडमध्ये तान्ह्या बाळांसाठी लोकरीच्या लडीचा पट्टा करायची पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालू होती. लोकरीची लड कमरेभोवती घ्यायची, जांघेवर तिची गाठ येईल अशी अडकवायची आणि टोक मांडीखालून मागे नेऊन बांधायचं. बाळाने ओली केली की धुवायची आणि दुसरी बांधायची. रोज, महिनोन्महिने. त्या आयांचे कष्ट आठवून बघा. आणि एवढं करून भोक बुजत नसे.

रडू आवरून धरलेलं मूल आणि आजार लपवणारी राणी

भूल नव्हती तेव्हाचं ऑपरेशन कसं असे, याची एक नोंद लंडनची आहे. साल १७३५. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये क्लॉडियस अम्यांड या सर्जननी ११ वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियावर ऑपरेशन केलं. आत त्यांना आतड्याचं शेपूट, म्हणजे अपेंडिक्स, उतरलेलं दिसलं. मुलाने कधीतरी गिळलेली टाचणी त्याला भोक पाडून रुतली होती. अम्यांडनी ते अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन जवळजवळ अर्धा तास चाललं. मुलगा पूर्ण शुद्धीत होता. तो जगला. अपेंडिक्स काढण्याचं जगातलं नोंद झालेलं पहिलं यशस्वी ऑपरेशन म्हणून आजही डॉक्टर ते शिकतात. पण शुद्धीवरच्या मुलाला अर्धा तास दाबून धरण्याची तयारी किती आईबापांची असेल? लोक पट्टा बांधून बसत ते उगाच नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १७३७ साली, त्याच शहरात इंग्लंडची राणी कॅरोलाइन हर्नियाने वारली. इकडे आपल्याकडे चिमाजी अप्पांच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला, तेच हे साल. राणीला १७२४ सालच्या शेवटच्या बाळंतपणानंतर बेंबीपाशी हर्निया झाला होता. लाजेपोटी तिने तो तेरा वर्षं लपवला. राजाला माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. शेवटी आतडं अडकलं, पोटात असह्य कळा सुरू झाल्या, तरी पहिले काही दिवस ती बोलली नाही. डॉक्टरांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. दहा-बारा दिवस तळमळून ती गेली.

ती मोठी बाई होती, बाळ नव्हे, हे खरं. पण मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. देशातले सगळ्यात चांगले डॉक्टर जिच्या दाराशी होते, तिलाही न दाखवलेल्या गाठीने नेलं. जांघ, अंड, बेंबीखालचं पोट ही आपल्याकडे न बोलायची जागा. मुलीच्या बाबतीत तर जास्तच. "मुलीची जात, कुणाला दाखवू नको" असं म्हणून किती गाठी झाकल्या जातात. मैत्रिणींनो, मुलींनाही जांघेतला हर्निया होतो, आणि त्यात आतड्याऐवजी तिचं अंडाशय उतरून अडकू शकतं. तिची गाठ झाकायची नाही.

उशीचं न शिवलेलं तोंड

कारण शोधलं ते अठराव्या शतकात. लंडनमध्ये जॉन हंटर आणि त्यांचे भाऊ विल्यम, तिथलेच पर्सिव्हल पॉट, आणि युरोपात हालर अशा अभ्यासकांनी मरण पावलेल्या, दिवस न भरलेल्या अर्भकांची शरीरं तपासली. जॉन हंटर यांचं निरीक्षण १७६२ साली छापून आलं. त्यांना जे दिसलं ते असं.

मुलगा गर्भपिशवीत असताना त्याची अंडं आधी पोटात, मूत्रपिंडाजवळ असतात. पुढच्या महिन्यांत ती हळूहळू खाली सरकतात. शेवटच्या महिन्यांत ती जांघेतून वाट काढत अंडाच्या पिशवीत उतरतात. त्यांच्याबरोबर पोटाच्या आतलं पातळ अस्तरही हातमोज्याच्या बोटासारखं खाली ओढलं जातं. अंड जागेवर पोचलं की ही वाट मिटायची असते. काही बाळांची ती मिटत नाही. मुलींमध्येही गर्भपिशवीला धरून ठेवणाऱ्या एका दोरीबरोबर अशीच बारीक वाट असते, आणि तीही कधीकधी उघडी राहते.

उशी भरून तिचं तोंड शिवायचं राहिलं तर काय होतं? उशी दाबली की कापूस बाहेर डोकावतो. हात काढला की आत जातो. बाळाचं रडणं म्हणजे तो दाब. रडण्याने भोक पडत नाही. भोक जन्माआधीपासूनच असतं, रडल्यावर फक्त दिसतं.

एवढं कळलं की किती जणींवरचा दोष उतरतो बघा. आईने रडवलं म्हणून नाही. गरोदरपणी तिने काही उचललं, काही खाल्लं म्हणून नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हा हर्निया जास्त दिसतो, कारण वाट मिटायला त्यांना वेळच मिळालेला नसतो. पूर्ण दिवसांच्या बाळांतही शंभरात एक ते पाच जणांना तो होतो. मुलींपेक्षा मुलांना बराच जास्त, आणि उजव्या बाजूला जास्त.

बेंबीची गोष्ट वेगळी. नाळ जिथून आत शिरते तिथे पोटाच्या स्नायूत एक कडं असतं. नाळ पडल्यावर ते आवळत जातं. काही बाळांत ते सावकाश आवळतं, म्हणून बेंबी फुगून वर येते. नाळ कशी कापली, कुणी कापली याचा त्याच्याशी संबंध नाही. सुईणीलाही यातून मोकळं करा. हे कडं बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपलं आपण मिटतं. नाणं बांधल्याने ते लवकर मिटत नाही. उलट घाम-मळ साचून कातडी चिघळते.

म्हणजे बेंबीचा हर्निया बहुधा थांबून बघण्याचा, आणि जांघेचा थांबून न बघण्याचा. दोन्हींना एकच नाव असल्यामुळे घोटाळा होतो. शेजारणीच्या नातवाची बेंबी आपोआप बसली, म्हणून आपल्या बाळाची जांघ आपोआप बसेल असं नाही.

एक छोटी चीर

कारण कळलं तरी उपाय यायला आणखी शंभर वर्षं गेली. १८४६ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ईथरची भूल देऊन ऑपरेशन झालं. १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जखमेतले जंतू मारण्याची पद्धत जगापुढे मांडली. आता पोटाला हात लावायची हिंमत आली. इटलीतल्या पादुआ शहरात एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८४ पासून मोठ्यांच्या हर्नियाचं नवं ऑपरेशन सुरू केलं. त्यात ढिले पडलेले स्नायू थरांनी शिवून भिंत पक्की करायची.

पण बाळाची भिंत ढिली नसते. तिथे फक्त तोंड शिवायचं राहिलेलं असतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळांच्या सर्जन मंडळींनी ही गोष्ट पक्की केली. जांघेच्या घडीत एक छोटी चीर द्यायची, अस्तराची ती पिशवी सोडवायची, वरच्या टोकाला बांधून टाकायची. बस. मोठ्या माणसांना जाळी बसवतात, ती बाळांना लागत नाही. बॉस्टनच्या बालरुग्णालयातले रॉबर्ट ग्रॉस यांनी १९५३ साली अशा ३,८७४ मुलांचा हिशेब मांडला. गाठ परत आलेली मुलं दोनशेत एकाहून कमी होती.

या इतिहासातले दोन सर्जन आपण लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिले ग्लासगोचे जेम्स निकोल. ग्लासगो हे स्कॉटलंडमधलं कारखान्यांचं, गरिबांच्या दाट वस्तीचं शहर. मुलांच्या इस्पितळात खाटा कमी. निकोल यांनी बाह्यरुग्ण विभागातच दहा वर्षांत ८,९८८ ऑपरेशनं केली आणि १९०९ साली त्याचा अहवाल छापला. त्यात हर्नियाची बाळंही होती. ऑपरेशन झालं की बाळ आईच्या कडेवर घरी. मागाहून नर्स घरी जाऊन जखम बघून येत. तान्ह्या बाळाला आईपासून तोडू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी त्यांनी इस्पितळाजवळ एक छोटं घरही ठेवलं होतं. अडाणी, गरीब आईला काय कळतंय, असं म्हणण्याच्या काळात त्यांनी आईवर भरवसा टाकला.

दुसऱ्या, एडिंबराच्या गर्ट्रूड हर्झफेल्ड. तिथल्या मुलांच्या इस्पितळातल्या त्या पहिल्या महिला सर्जन. बाईने सुरी हातात घ्यायची, हेच लोकांना खपत नव्हतं तेव्हा त्या तान्ह्या बाळांचे हर्निया शिवत होत्या. १९३८ साली त्यांनी तान्ह्या बाळांच्या हर्नियावर लेख लिहिला. थोडक्या वेळाचं ऑपरेशन करून बाळाला आईकडे सोपवणं त्यांनीही चालू ठेवलं.

आपल्याकडे मुंबईत परळला वाडिया कुटुंबाने १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उभं केलं, ते खास मुलांसाठी. पुढे मोठ्या सरकारी रुग्णालयांत लहान मुलांच्या शस्त्रक्रियेचे वेगळे विभाग झाले. पण खेड्यातली गाठ तिथवर पोचायची कशी, हा प्रश्न राहिला. त्यासाठी २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची देशातली सुरुवात आपल्या पालघरला झाली. या कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि मुलं तपासतं.

आता आपल्या हातात काय

पथक वर्षातून दोनदा येतं. आई लंगोट दिवसातून दहा वेळा बदलते. म्हणजे गाठ पहिल्यांदा आईलाच दिसणार.

जांघेत किंवा अंडाच्या पिशवीत फुगवटा येऊन-जाऊन दिसला, तर तो दिसत असतानाच मोबाइलवर फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गाठ दिसली नाही तर तोच पुरावा. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येतात, त्यांना दाखवा. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि मुलांच्या सर्जनकडे पाठवायची चिठ्ठी मागा. जांघेचा हर्निया ठरला की ऑपरेशन लवकर करून घ्यायचं. "वर्षाचं होऊ दे" म्हणून थांबायचं नाही, कारण आतडं अडकण्याचा धोका पहिल्याच वर्षात सगळ्यात जास्त असतो. तारीख डॉक्टर ठरवतील. बहुतेक बाळं त्याच दिवशी घरी येतात. वेळेआधी जन्मलेल्या लहानग्यांना श्वासावर लक्ष ठेवायला रात्रभर ठेवून घेतात. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आणि अंगणवाडीच्या पथकाला आधी विचारा.

अंडाच्या पिशवीत नुसतं पाणी साठलं तरी सूज दिसते. ती बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत जिरते. पण पाणी की आतडं, हे घरी बॅटरी लावून ठरवू नका. तान्ह्या बाळाच्या आतड्यातूनही उजेड आरपार दिसतो.

बेंबी फुगलेली असेल तर काही बांधू नका, जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवा, लसीकरणाच्या वेळी दाखवत राहा. चार-पाच वर्षांनंतरही राहिली, किंवा मोठी होत चालली, तर सर्जनचा सल्ला घ्या.

आणि हे नीट ध्यानात ठेवा. गाठ जांघेतली असो की बेंबीची, ती कडक झाली, हात लावला की बाळ कळवळतं, झोपवूनही ती आत जात नाही, लाल-काळी पडली, बाळाला उलट्या होतात, त्यातही हिरवी उलटी, पोट फुगलं, शी किंवा वारा सरत नाही: यातलं काहीही दिसलं तर आतडं अडकलं असं समजायचं. मग सकाळची वाट बघायची नाही. गाठ दाबायची, चोळायची, शेकायची नाही. दूध-पाणी पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांतच तुटू शकतो. मुलाचं अंड, मुलीचं अंडाशयही त्यात निकामी होऊ शकतं.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा विषय काढा. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या लेकीचं बाळ लहान असेल तर विचारा, जांघेत कधी फुगवटा दिसला का? असेल तर नाणं सोडायला लावा, आणि दवाखान्यात तिच्यासोबत एकीने जा.